कोशातलं साल उकलताना: तत्त्वज्ञांचे चरित्रकोश कसे वापरावेत

'आद्य शंकराचार्य, इ. स. ७८८–८२०.' ही ओळ आपल्यापैकी अनेकांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, एखाद्या स्मरणिकेत नाहीतर कोशात वाचलेली असते. यातल्या ७८८ चा माग बेळगावला जातो. काशिनाथ बापू पाठक यांना तिथे एक छोटं संस्कृत हस्तलिखित मिळालं. शंकरांच्या जन्माचं आणि देहान्ताचं वर्ष त्यात शब्दांत गुंफून दिलेलं होतं. पाठकांनी ते १८८२ साली 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध केलं. पुढे आकडे एका कोशातून दुसऱ्यात उतरत गेले आणि हस्तलिखिताचा उल्लेख मागे पडला.

तत्त्वज्ञांच्या चरित्रनोंदींत हे वारंवार घडतं. नोंदीत जे ठाम विधान दिसतं, त्याच्या पोटात कुणाचं तरी गणित, कुणाची ऐकीव गोष्ट, एखाद्या नकलाकाराची चूक दडलेली असते. म्हणून चरित्रकोश नुसता वाचून भागत नाही, नोंद उकलावी लागते. विद्यार्थी, अनुवादक, व्याख्यानाची तयारी करणारे आणि अभ्यासमंडळ चालवणारे यांच्यासाठी मी स्वतः वापरतो ती पद्धत इथे क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

कोश उघडण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिहा. 'प्लेटोविषयी माहिती' हा प्रश्न नव्हे. 'प्लेटोचं जन्मवर्ष कशावरून ठरलं?' किंवा 'वाचस्पती मिश्र आधी की उदयन आधी?' हा प्रश्न झाला. चरित्रनोंदीत चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: काळ, नातीगोती आणि गुरुपरंपरा, ग्रंथांची यादी, विचारांचा सारांश. चारही बाबतींत एकच कोश सारखाच भरवशाचा असेल असं नाही. विचारांचा सारांश उत्तम आणि काळाबाबत बेफिकिरी, असे कोश मी पुष्कळ पाहिलेत.

दुसरी पायरी: मराठीतून सुरुवात करा

हे मी अभिमानापोटी सांगत नाही, सोयीचं आहे म्हणून सांगतो. मराठीत या कामाची परंपरा मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकात पुरा झाला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश उभे केले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' १९७४ मध्ये तीन खंडांत आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईहून सुरू केलेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

प्रत्येकाचं बलस्थान निराळं. याज्ञवल्क्य, गार्गी, जैमिनी यांच्यासाठी चित्रावांचा प्राचीन खंड घ्या, कारण कोणती गोष्ट कोणत्या ग्रंथात कुठे येते याचे संदर्भ तो संक्षेपांनी देतो. मात्र त्याची संक्षेपसूची आधी वाचायला हवी, नाहीतर निम्मी माहिती नजरेतून सुटते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांसाठी आणि परिभाषेसाठी महाकोश. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, ते कधी चुकवू नका. तत्त्वज्ञानाच्या कितीतरी नोंदींखाली 'रेगे, मे. पुं.' असं दिसतं. अशी नोंद म्हणजे आयुष्यभर तो विषय शिकवलेल्या माणसाचं मत असतं, आणि ते मत म्हणूनच वाचायचं.

कोश कधी छापला गेला ते साल आपल्या टिपणात लिहून ठेवा. १९३२ च्या कोशात १९५० नंतरचं संशोधन नाही, हा त्या कोशाचा दोष नव्हे. साल न बघणाऱ्याची ती चूक.

यानंतर इंग्रजीकडे वळा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तत्त्वज्ञानकोश १९९५ पासून संकेतस्थळावर आहे, विनामूल्य आहे आणि त्याच्या नोंदी सुधारल्या जातात. तिमाहीगणिक जुन्या आवृत्त्याही तिथे जपलेल्या असतात, त्यामुळे संदर्भ देताना आवृत्ती लिहा. पॉल एडवर्ड्‌स यांनी संपादित केलेला १९६७ चा आठ खंडांचा कोश आणि राउटलेजचा १९९८ चा दहा खंडांचा कोश मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांसाठी मात्र रिशार गुले यांनी संपादित केलेला फ्रेंच कोश सर्वांत सखोल आहे. १९८९ मध्ये सुरू झालेलं ते काम २०१८ मध्ये पुरं झालं. फ्रेंच येत नसलं तरी नावं, सालं आणि मूळ ग्रंथांचे संदर्भ त्यातून काढता येतात.

तिसरी पायरी: माणूस तोच आहे ना, ते पाहा

एका स्मरणिकेत मी वाचलं होतं, की पिंपात राहणाऱ्या डायोजिनीसने तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिली. पिंपातला सिनोपीचा डायोजिनीस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लेअर्शियस इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानला जातो. दोघांत सहा-सातशे वर्षांचं अंतर. शिवाय अपोलोनियाचा एक डायोजिनीस आणि बॅबिलोनचा एक, तेही तत्त्वज्ञच. ही अडचण ग्रीकांनाही होती, म्हणून लेअर्शियस बऱ्याच चरित्रांच्या शेवटी त्याच नावाच्या इतर माणसांची यादी देतो.

आपल्याकडे हा गुंता आणखी घट्ट आहे. महाभाष्यकार पतंजली आणि योगसूत्रकार पतंजली एकच की दोन? माध्यमिक या बौद्ध मताचा नागार्जुन आणि रसशास्त्राचे ग्रंथ ज्याच्या नावावर आहेत तो नागार्जुन? पीठावर बसणारे सगळेच 'शंकराचार्य', त्यामुळे कितीतरी स्तोत्रं आणि प्रकरणग्रंथ आद्य शंकरांच्या खात्यावर जमा झाले. नोंद वाचताना विचारा: या ग्रंथाचं कर्तृत्व नोंदलेखक स्वतः मानतो आहे, की 'परंपरेनुसार' या एका शब्दाआड उभा आहे?

संकेतस्थळावर शोधताना लिप्यंतरही आडवं येतं. ॲरिस्टॉटल हे नाव 'ॲ', 'अॅ' आणि साधा 'अ' अशा तिन्ही तऱ्हांनी टंकून पाहा.

चौथी पायरी: साल मोडून पाहा

इथे सावकाश चला. वही-पेन्सिल घ्या.

ग्रीक सालांचं मोजमाप ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे चार वर्षांच्या टप्प्यांत आहे. पहिलं ऑलिंपियाड इ. स. पू. ७७६ चं. क्रमांकातून एक वजा करा, चाराने गुणा, येईल ते ७७६ मधून वजा करा. लेअर्शियस म्हणतो, ॲरिस्टॉटल ९९ व्या ऑलिंपियाडच्या पहिल्या वर्षी जन्मला. ९८ गुणिले ४ म्हणजे ३९२, ७७६ मधून गेले, उरले ३८४. हेच ते कोशातलं इ. स. पू. ३८४. ग्रीक वर्ष उन्हाळ्याच्या मध्यापासून सुरू होई, म्हणून काटेकोर कोश ३८४/३८३ असं तिरक्या रेघेने लिहितात. ती रेघ दिसली की संपादक जागा आहे असं समजा.

आता थेलीस. लेअर्शियसच्या हस्तलिखितांत अपोलोडोरस या ग्रीक कालगणनाकाराच्या हवाल्याने त्याचा जन्म ३५ व्या ऑलिंपियाडच्या पहिल्या वर्षी दिला आहे, म्हणजे इ. स. पू. ६४०. लगेच पुढे येतं, की तो ७८ व्या वर्षी, ५८ व्या ऑलिंपियाडमध्ये वारला. ५८ वं ऑलिंपियाड ५४८ पासून सुरू होतं. ६४० मधून ७८ गेले तर ५६२ येतात, मेळ बसत नाही. ३५ च्या जागी ३९ धरून पाहा: जन्म ६२४, ७८ वजा केले की ५४६, म्हणजे बरोबर ५८ व्या ऑलिंपियाडमध्ये. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. पाचासाठी एप्सिलॉन, नवासाठी थीटा. हातांनी नकलताना ही दोन अक्षरं एकमेकांच्या जागी येणं सोपं. म्हणून आधुनिक संपादकांनी ३९ स्वीकारला आणि कोशांत ६२४ रूढ झालं. (सोसिक्रेटीस नावाच्या दुसऱ्या लेखकाने वय ९० दिलं आहे, हेही लेअर्शियस प्रामाणिकपणे नोंदवतो.)

पण ६२४ ही तरी जन्माची नोंद आहे का? नाही. अपोलोडोरसची एक रीत होती. माणसाच्या आयुष्यातली एखादी ठळक घटना शोधायची, त्या वेळी तो चाळिशीत, भर बहरात होता असं धरायचं आणि मागे मोजायचं. थेलीसने भाकीत केलं म्हणतात ते सूर्यग्रहण इ. स. पू. ५८५ चं. तिथून चाळीसेक वर्षं मागे गेलं की ६२४. म्हणून आपल्या टिपणात '६२४ मध्ये जन्म' लिहू नका. 'ग्रहणावरून काढलेलं अंदाजी जन्मवर्ष' असं लिहा.

आता बेळगावच्या हस्तलिखिताकडे येऊ. त्यात जन्माचं वर्ष निधि-नाग-इभ-वह्नि अशा शब्दांत आहे. ही भूतसंख्या, म्हणजे आकडे शब्दांनी सांगण्याची रीत. निधी नऊ, नाग आठ, इभ म्हणजे हत्ती, दिग्गज आठ म्हणून आठ, वह्नी तीन. नियम असा, की 'अंकानां वामतो गतिः', आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे. आले ३८८९, कलियुगाचं वर्ष. कलिवर्षातून ३१०१ वजा केले की ७८८. देहान्ताचे शब्द चंद्र-नेत्र-अंक-वह्नि, म्हणजे ३९२१, म्हणजे इ. स. ८२०.

पडताळा आणखी एक घेता येतो. श्लोकात संवत्सराचं नाव विभव दिलं आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे १९८८ च्या पाडव्याला विभव संवत्सर लागलं होतं. १९८८ मधून ७८८ वजा केले की १२००, म्हणजे साठ वर्षांची बरोबर वीस चक्रं. गणित चोख जुळतं.

माझ्या मते या सगळ्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच आहे. गणित जुळलं याचा अर्थ श्लोक रचणाऱ्याला गणित येत होतं, एवढाच. तो शंकरांच्या काळाचा साक्षीदार ठरत नाही, आणि ते हस्तलिखित शंकरांच्या पुष्कळ नंतरचं आहे. मग काळ कसा ठरवायचा? ग्रंथांच्या आतून. शंकरांच्या उपदेशसाहस्रीत बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीचा श्लोक येतो, म्हणजे शंकर धर्मकीर्तीनंतरचे. वाचस्पती मिश्रांनी शंकरांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर भामती ही टीका लिहिली, म्हणजे शंकर वाचस्पतींच्या आधीचे. खालची सीमा आणि वरची सीमा, यांच्यामध्ये माणूस. अशा आंतरिक पुराव्यांवरून हाजिमे नाकामुरा यांनी इ. स. ७०० ते ७५० असा काळ सुचवला, आणि आज बरेच अभ्यासक ७८८ पेक्षा आधीच्या काळाकडे कललेले आहेत. जुना कोश ७८८ आणि नवा कोश ७०० म्हणतो तेव्हा त्यातला एक छापखान्यात चुकला असं नसतं. दोघांनी वेगळ्या जातीचा पुरावा पुढे ठेवलेला असतो.

रूपांतराचे नेहमी लागणारे आकडे: शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंतची घटना असेल, तर इसवी सन एकाने पुढे जातो. 'गत' वर्ष की 'वर्तमान' वर्ष, यानेही एकाचा फरक पडतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस 'शके बाराशतें बारोत्तरें' आहे, म्हणजे इ. स. १२९०. हे वर्ष ग्रंथाचं आहे, ज्ञानेश्वरांच्या जन्माचं नव्हे. जन्माबद्दल शके ११९३ आणि ११९७ असे दोन पक्ष आहेत. चरित्रनोंदीत एकच दिसला तर दुसरा समासात लिहून ठेवा.

पाचवी पायरी: गोष्टींचे थर वेगळे करा

लेअर्शियसचा दहा भागांचा ग्रंथ मृत्यूंच्या गोष्टींनी भरलेला आहे. हेराक्लायटस जलोदराने आजारी पडला, अंगाला शेण थापून घेतलं आणि त्यातच गेला. क्रायसिपस गाढवाला अंजीर खाताना पाहून हसता हसता मेला. या वाचताना मूळ वचनं शेजारी ठेवा. हेराक्लायटसचं एक वचन उरलं आहे: आत्म्यांना पाणी होणं म्हणजे मृत्यू. ज्याने हे लिहिलं तो शरीरात पाणी साठून मेला, हा योगायोग वाटत नाही. चरित्रकारांनी विचारातूनच मरण घडवलेलं दिसतं.

थेलीस आकाश बघत चालताना पडला, ही गोष्ट प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात आहे. तिथे तो विहिरीत पडतो आणि एक थ्रेसियन दासी हसते. लेअर्शियसकडे तो खड्ड्यात पडतो आणि सोबत म्हातारी असते. दोन्हींत पाचशेहून अधिक वर्षं गेली आहेत. वहीत दोन रकाने करा: गोष्ट सर्वांत आधी कुठे भेटते, आणि नंतर तिच्यात काय भर पडली. शंकरांच्या दिग्विजयकथांना आणि आपल्या संतचरित्रांनाही हाच रकाना लावा. गोष्ट खोटी ठरवायची घाई नको. लोकांनी त्या माणसाला कसं आठवलं याचा पुरावा म्हणून ती मोलाचीच असते, फक्त जन्म-मृत्यूच्या रकान्यात तिला बसवू नये.

सहावी पायरी: कथा सोडून कागदाकडे जा

ज्या लेअर्शियसवर गप्पिष्ट म्हणून टीका होते, त्यानेच आपल्यासाठी अमोल कागद जपले. प्लेटो, ॲरिस्टॉटल, थिओफ्रास्टस, एपिक्युरस यांची मृत्युपत्रं त्याच्याकडे आहेत. ॲरिस्टॉटलच्या मृत्युपत्रात त्याची सहचारिणी हर्पिलिस हिची सोय कशी करावी, कोणत्या गुलामांना मुक्त करावं, हे लिहिलेलं आहे. ते वाचताना मला या तत्त्वज्ञाचं घर पहिल्यांदा दिसलं. एपिक्युरसची तीन पत्रं आणि चाळीस सूत्रं दहाव्या भागात आहेत. ती तिथे नसती तर एपिक्युरसचे विचार त्याच्या शब्दांत आपल्यापर्यंत फारच थोडे पोचले असते. रॉबर्ट ड्र्यू हिक्स यांचा १९२५ चा इंग्रजी अनुवाद पर्सियस या संकेतस्थळावर आहे. कोशातून संदर्भ मिळाला की तिथे जाऊन तो परिच्छेद स्वतः वाचा.

सातवी पायरी: कोण गाळलं गेलं ते बघा

लेअर्शियसच्या ऐंशीहून अधिक तत्त्वज्ञांत स्वतंत्र चरित्र मिळालेली स्त्री एकच, हिपार्किया. १६९० मध्ये जील मेनाज यांनी स्त्री तत्त्वज्ञांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, आणि मेरी एलन वेथ यांच्या संपादनाखाली याच विषयाचे चार खंड १९८७ ते १९९५ दरम्यान आले. कोणताही तत्त्वज्ञकोश हाती आला की मी आधी हिपार्किया, हायपेशिया आणि गार्गी शोधतो. मग रा. द. रानडे शोधतो. इंग्रजी कोशांत आपली माणसं विरळ आहेत, म्हणूनच मराठी कोश बाजूला असावे लागतात.

आठवी पायरी: आपलं कार्ड लिहा

मी अजूनही जाड कागदाची कार्डं वापरतो. संगणकावर केलं तरी रकाने हेच ठेवा: नाव व पर्यायी नावं, काळ, काळाचा आधार, मतभेद, ग्रंथ (निश्चित आणि आरोपित वेगळे), गोष्टी व त्यांचा पहिला उल्लेख, कोणता कोश कोणत्या सालचा. 'काळाचा आधार' हा रकाना रिकामा राहिला, तर 'काळ' पेन्सिलीनेच लिहा. नमुना म्हणून माझ्या खणातलं एक कार्ड देतो.

वाचस्पती मिश्र. भामती, तात्पर्यटीका, न्यायसूचीनिबंध इत्यादींचे कर्ते. काळाचा आधार: न्यायसूचीनिबंधाच्या शेवटी ग्रंथकाराने स्वतः दिलेलं 'वस्वङ्कवसुवत्सरे'. वसू आठ, अंक नऊ, वसू आठ, म्हणजे ८९८. उलट वाचलं तरी ८९८च. पण कोणतं वर्षमान ते सांगितलेलं नाही. विक्रम संवत धरला तर इ. स. ८४१, शक धरला तर ९७६. तपास: उदयनाने तात्पर्यटीकेवर परिशुद्धी ही टीका लिहिली. त्याच्या लक्षणावलीत 'तर्काम्बराङ्क', म्हणजे सहा, शून्य, नऊ, उलटून ९०६, आणि तिथे शक असं स्पष्ट म्हटलं आहे, म्हणजे इ. स. ९८४. वाचस्पतींना ९७६ दिलं तर टीका आणि तिच्यावरची टीका यांच्यात जेमतेम आठ वर्षं उरतात, म्हणून ८४१ कडे कल. मतभेद: काही अभ्यासक ९७६ मानतात, उदयनाचा श्लोक कितपत प्रमाण मानावा हा प्रश्न त्याला जोडून येतो. काळ, पेन्सिलीने: नववं शतक, बहुधा ८४१ च्या सुमारास.